सरांपुढे फिरलेलं ताट

माफ केल्याने माणूस हलका होतो, असं मी दर शनिवारी मुलांना सांगते. मला ते पटतंही. तरी एका माणसाला मी माफ केलेलं नाही, आणि त्याने माझं काही जड झालेलं नाही.

ते माझे सर. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला शिकवायला यायचे. कॉलेज रोडला त्यांच्या संस्थेचं मोठं ऑफिस होतं, कंपन्यांच्या साहेबांशी ओळखी होत्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. तंबाखू मात्र सुटली नव्हती. व्याख्यानाआधी बाहेर जाऊन थुंकून यायचे आणि तोंडात वेलची टाकायचे. आम्हा मुलींना ते ठाऊक होतं, पण तेव्हा त्यात वावगं वाटायचं नाही.

शिक्षण झाल्यावर मी एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले. माझे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते, त्यामुळे कारखान्यांमागची ती वस्ती माझ्या पायाखालची. तिथे मावशी भेटल्या. सुरगाण्याकडच्या डोंगरातून मजुरीला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होता. आधी थिनरचा बोळा हुंगायचा, मग कुत्ता गोळीवर, म्हणजे झोपेच्या गोळ्यांच्या नशेवर गेला, आणि त्यातच गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर मावशी मला म्हणाल्या, "ताई, माझा गेला. बाकीच्यांचं काही करता येतं का बघा."

म्हणून वस्तीतल्या समाजमंदिराच्या खोलीत आम्ही शनिवारची संध्याकाळ सुरू केली. आयटीआयची पोरं, पॅकिंगला जाणाऱ्या मुली, लेथवर उभी राहणारी तरुण मुलं यायची. आरोग्य तपासणी, गप्पा, थोडा खेळ. दर वेळी सुरुवातीला मावशी स्टीलचं ताट फिरवायच्या. खिशात जे असेल ते त्यात टाकायचं. पुडी, सिगारेट, गोळ्यांची पट्टी, काहीही. कोणी विचारायचं नाही, कोणी हसायचं नाही. आणि आधी मोठ्यांनी टाकायचं, मग लहानांनी. हा नियम मावशींचाच.

कार्यक्रम वाढला तसं माझ्या पगारात भागेना. डॉक्टर फुकट किती दिवस येणार? कुणीतरी म्हणालं, कंपन्यांचा समाजकार्यासाठी सीएसआरचा निधी असतो, प्रस्ताव लिही. मी लिहिला. मावशींना विचारून त्यांच्या मुलाची गोष्टही त्यात घातली. नाव नव्हतं, बाकी सगळं खरं होतं. मग तो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, ठेवून जा, इंग्रजी जरा नीट करून देतो, अशा गोष्टींना भाषा लागते. मी वाकून नमस्कार करून बाहेर पडले होते. ते आठवलं की अजून पाठ जळते.

पुढे काही महिने सरांचा फोन नाही. मी केला की मीटिंगमध्ये असायचे. मग एक दिवस त्यांच्या संस्थेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये होता. मावशींना हॉल बघायची हौस, म्हणून त्यांनाही नेलं. स्टेजवर कंपनीचे लोक बसले होते. मागच्या पडद्यावर नव्या प्रकल्पाचं चित्र होतं, त्यात ताट होतं. माझी वाक्यं होती, माझ्या चुका तेवढ्या दुरुस्त केलेल्या. मग सर बोलायला उभे राहिले. अंबडच्या एका मुलाला आपण कसं वाचवायला गेलो, त्याने शेवटी आपल्या मांडीवर डोकं ठेवून "सर, उशीर झाला" असं कसं म्हटलं, हे त्यांनी कापऱ्या आवाजात सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

मावशींनी माझा हात धरला. "ताई, हे माझ्या पोराचं बोलतायत का?"

मी हो म्हटलं. त्या तशाच उठल्या. चहाही घेतला नाही. परतीच्या रिक्षात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. प्रस्ताव चोरला म्हणून मी कदाचित चरफडत गप्प बसले असते. चोरीला गेलेला प्रस्ताव परत लिहिता येतो. पण त्या पोराने शेवटचा श्वास आईच्या मांडीवर घेतला होता, आणि ती मांडी या माणसाने स्वतःची म्हणून सांगितली होती. त्या रिक्षातच मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

मी भांडायला गेले नाही. भांडले असते तर सरांनी मला समजूत घालून, पाठीवर हात ठेवून परत पाठवलं असतं. मी वाट बघितली. त्यांच्या प्रकल्पाचं ऑफिस झालं, बॅनर झाले, गाडी झाली. वस्तीत मात्र कोणी फिरकलं नाही. आणि पैसे देणारी कंपनी कधी ना कधी काम बघायला येणारच होती.

तसंच झालं. सरांचा फोन आला. आवाजात मध. "बेटा, एका संध्याकाळपुरती तुझी मुलं दे. शेवटी काम एकच आहे."

मी म्हटलं, "देते की सर. पण सत्र तुम्हीच घ्यायचं. पाहुण्यांना तुमचंच काम दिसायला हवं."

ते खूश झाले. प्रस्तावाचा राग मी धरलेला नाही, असं त्यांना वाटलं असणार. मुलांना मी काहीही पढवलं नाही. एवढंच सांगितलं की आज पाहुणे येतील, आपण नेहमी करतो तेच करायचं.

कंपनीच्या एक अधिकारी बाई आणि त्यांचे दोन सहकारी आले. सर पांढऱ्या झुळझुळीत कुर्त्यात होते. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. सर भाषणाला सुरुवात करणार, तोच मावशी ताट घेऊन त्यांच्यासमोर आल्या.

"आधी मोठ्यांनी," मावशी म्हणाल्या.

सर हसले. माझ्याकडे काय असणार, असं म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवलं. मावशी हलल्या नाहीत. पहिल्या रांगेत लेथवर काम करणारा एक तरुण बसला होता. वर्षापूर्वी त्याने स्वतः त्या ताटात गोळ्यांची पट्टी टाकली होती. तो अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, खिशात डबी दिसतेय. टाका, कोणी काही म्हणत नाही इथे."

पातळ कुर्त्यातून चुन्याची डबी सगळ्यांनाच दिसत होती. अधिकारी बाईही बघत होत्या. सरांनी डबी काढली, मग तंबाखूची पुडी. ताटात टणकन आवाज झाला. एकही पोरगं हसलं नाही. पोरं हसली असती तर सरांना सोपं गेलं असतं, विनोद करून सुटता आलं असतं. त्या शांततेत त्यांची मान खाली जाताना मी पोटभर बघितली. उपाशी माणसाने गरम भाकरीकडे बघावं तशी.

बाईंनी सरांना विचारलं, यातला सगळ्यात जुना मुलगा कोणता? सर मुलांच्या तोंडांवरून नजर फिरवत राहिले. मग बाईंनी मावशींना विचारलं, तुम्ही कोण?

मावशी म्हणाल्या, "सर ज्या पोराची गोष्ट सांगतात ना, त्याची मी आई. सरांनी त्याला कधी बघितलेला नाय. तो माझ्या मांडीवर गेला."

सर भाषण न करताच निघाले. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात करायचे तसा नमस्कार केला.

नंतर ताट घासताना मावशी म्हणाल्या, "ताट यासाठी नव्हतं, ताई." बरोबर होतं त्यांचं. पण पुन्हा तशी वेळ आली, तर मी पुन्हा तेच करीन. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी ताट पुसून जागेवर ठेवलं.

अधिकारी बाईंनी नंतर फोन करून सगळं विचारून घेतलं. सरांचा निधी बंद झाला. आम्हालाही मिळाला नाही, कारण संस्था म्हणून आमची नोंदणीच पुरी नव्हती. सर गावभर सांगत फिरले की मी उपकार विसरले, ज्या हाताने घास भरवला त्यालाच चावले. दोन-तीन ठिकाणी त्यामुळे माझ्यासाठी दारं बंद झाली. डॉक्टर यायचे थांबले. ते दिवस वाईट होते, खोटं कशाला सांगू. मी कागदपत्रांसाठी खेटे घालत राहिले, आणि थकले की तो टणकन झालेला आवाज आठवायचे. पाय पुन्हा चालायला लागायचे.

शेवटी मदत आली ती अंबडमधूनच. धातूला मुलामा देण्याचा, प्लेटिंगचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका बाईंनी आसपासच्या वर्कशॉपवाल्यांना गोळा केलं. त्यांच्याकडे कामाला असलेली पोरंच नशेत मशीनवर पेंगत होती, बोटं गमावत होती. बैठकीत एका मालकाने पहिला प्रश्न विचारला, "त्या सरांचा यात काही हात नाही ना?" असला तर तो पैसे देणार नव्हता. मी तो प्रश्न त्याला मुद्दाम दुसऱ्यांदा विचारायला लावला, नीट ऐकू आलं नाही म्हणून.

आता डॉक्टर नियमित येतात, एक समुपदेशक पगारावर आहे. प्रस्तावात कुणाचीही गोष्ट घालायची तर ती आधी त्या घरात मोठ्याने वाचून दाखवते. सरांची संस्था हल्ली झाडं लावते. झाडांना तोंड नसतं, त्यांच्याबद्दल काहीही सांगावं.

दिवाळीला सरांचा मेसेज येतो. पणतीचं चित्र आणि खाली "सस्नेह". मी तो लगेच उघडते, वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांना दिसू देते, आणि फोन बाजूला ठेवते.