दिवसा ओढायचा पडदा

दुपारचे अडीच. आमटीभात अंगावर येतोय. खिडकीजवळच्या टेबलावर लेख पडलाय, उद्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, स्मरणसभेत वाचायचा. बारीक अक्षर वाचायचं भिंग पेनांच्या मगात खोचलंय. खुर्चीत डोळे मिटतात न मिटतात तोच मी जिना चढायला लागतो. आमच्या पुण्यातल्या सोसायटीचाच जिना, पण तिसऱ्या मजल्यानंतर तो गोल होत जातो आणि भिंतींना खारट वास येतो.

वर वेंगणटोकाचं दीपगृह. आप्पा फडक्याने भिंगं पुसतायत. एकतीस वर्षं इथली बत्ती सांभाळली. वारल्यावरही रजा घेतलेली दिसत नाही.

"आलास, मेल्या?"

वर्षभरापूर्वी गेलेल्या माणसाने हे म्हणावं!

"पडदा ओढलास?"

इथला नियमच तो. रात्री जहाजं वाचवणारी ही भिंगं दिवसा ऊन गोळा करून आग लावतात. म्हणून दिवसा त्यांच्याभोवती पडदा हवा. कॉलेजात असताना मित्रांना समुद्र दाखवायला मी तो उघडला आणि तसाच ठेवला. कपाट जळलं. आप्पांनी नोंदवहीत लिहिलं, 'माझी चूक.' त्यांची बढती गेली. मी गप्प राहिलो आणि पुढे निर्भीड लेखक म्हणून नावारूपाला आलो.

मी गॅलरीत जातो. खाली समुद्राच्या जागी आमचं पार्किंग आहे. स्कूटर लाटांवर संथ वरखाली होतायत.

"लेख वाचला," आप्पा मागून म्हणतात.

"कसा वाटला?"

"झकास. विसराळू म्हणून शोभतो हो मी."

लेखात तसंच आहे: आप्पा इतके विसराळू, की एकदा पडदाच ओढायला विसरले. हमखास हशा मिळणारी जागा.

"आप्पा, खरं लिहू?"

"मला काय विचारतोस? मी सुटलो. लोकांपुढे उभं तुला राहायचंय." ते फडकं झटकतात. "ते मागाहून बघ. आधी पडदा ओढ. जळल्याचा वास येतोय."

खरंच येतोय. मी डोळे उघडतो. मगातल्या भिंगातून उन्हाचा एक ठिपका लेखावर पडलाय आणि बारीक धूर निघतोय. हशाच्या जागी वाटाण्याएवढं भोक.

मी आधी पडदा ओढतो. मग त्या भोकाच्या बाजूने लिहितो, 'पडदा मी उघडा ठेवला होता.'

कागदाची कडा अजून गरम आहे.