पहिलं ताट

सत्तरच्या दशकात आमचा सेवा क्लब भवानी पेठेत नेत्रशिबिरं भरवायचा. सभासदांत यंत्रमागावर काम करणारा एकच जण होता. डोळ्यांवर पट्टी असलेल्या म्हातारीपुढं उकिडवा बसून तो सांगायचा, “अव्वा, उजवीकडं भात हाय, डावीकडं आमटी.”

एकदा पहिलं ताट प्रमुख पाहुण्यांनी वाढायचं ठरलं. दोन वाजले तरी ते आले नाहीत. यानं सरळ पंगत वाढायला घेतली. सेक्रेटरी म्हणून मी अडवलं.

“सायेब, पट्टीतनं पाव्हणा दिसणार न्हाय. भूक कळतीय की.”

अहवालात मी त्याला बेशिस्त ठरवलं. त्याचं सभासदत्व गेलं. पुढच्या शिबिराला तो क्लबच्या बिल्ल्याशिवाय आला आणि माझ्यासमोरच वाढू लागला.

तो अहवाल खोटा आहे. त्याखालची सही माझी आहे.