घोडीचा पुरावा

फ्रीगंजात घोड्यांची मिरवणूक निघाली, त्या दुपारी मी कचेरीबाहेरचे माझे अर्जलेखनाचे टेबल लवकर आवरले आणि मोबाइल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. लग्नाच्या वरातीसाठी घोडी भाड्याने देणारे माझे एक अशील मिरवणुकीत होते. त्यांची घोडी वाद्यांना बिथरते, अशी कुणीतरी आवई उठवली होती आणि ऐन लग्नसराईत त्यांना बोलावणी येईनाशी झाली होती.

बाकीचे हौशी फोटोवाले नाचणाऱ्या घोड्यांच्या टापांमागे धावत होते. मी मात्र अर्जाला पुरावा जोडावा त्या शिस्तीने चौकट आखली. घोडीचा चेहरा समोरून, दोन्ही कान स्पष्ट, आणि शेजारीच वाजता ढोल.

गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक तरुण हसला. "अंकल, घोडी का पासपोर्ट बनवा रहे हो क्या?"

"हाँ बेटा," मी म्हणालो, "तुम्हारी फोटो में तो सिर्फ पैर हैं. पैरों से शिनाख्त नहीं होती."

ढोलावर जोरात टिपरी पडली. घोडीने सुस्तावून डोळे अर्धे मिटले आणि नेमक्या त्याच क्षणी मी बटण दाबले.

पुढच्या आठवड्यात अशील पेढे घेऊन टेबलापाशी आले. एका वरपित्याने फोटो पाहून घोडी ठरवली होती.

"बाबूजी, उन्होंने कुछ पूछा ही नहीं!"

माझ्या उत्तमोत्तम अर्जांवरही साहेबलोकांनी शंका काढल्या आहेत. या पुराव्यावर मात्र एकही निघाली नाही.