बाबांच्या ताब्यातलं कॉफीचं मशीन

माझं कॉफीचं मशीन बंद पडलं ते ऐन मे महिन्यात, आणि त्या सकाळी माझं डोकंही लगेच तापलं. मशीन बंद पडलं म्हणून नव्हे. आता बाबा काय म्हणतील ते मला आधीच ऐकू आलं म्हणून.

बाबा उमरेडचे. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली आणि आई गेल्यावर तिथल्या घरात एकटेच राहत होते. मी नागपुरात, विम्याच्या ऑफिसात. लग्नबिग्न केलं नाही, फ्लॅटमध्ये मी आणि माझा रागीट स्वभाव असे दोघंच. हिवाळ्यात भांडूनतंडून बाबांना घेऊन आले. आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद: "फुकट बसून खानं मले जमत नाही वं. इथं मले काम काय हाय? जातो मी आपल्या घरी." खोटं नव्हतं. स्वयंपाकाला बाई, भाजी दारात, दूध दारात. माझ्या घरात काम म्हणून उरलंच नव्हतं.

मग एकदा त्यांची नजर मशीनवर गेली. मी ते हौसेनं घेतलं होतं. मूठ असलेल्या चाळणीत कॉफीची पूड दाबायची, चाळणी मशीनला अडकवायची, बटण दाबायचं. पंप मागच्या टाकीतलं पाणी ओढतो, ते तापतं, पुडीतून जोरात ढकललं जातं आणि कपात दाट काळी कॉफी उतरते. बाबांनी काही दिवस माझ्या मागे उभं राहून पाहिलं आणि एका सकाळी मला सरळ बाजूला केलं. स्वतः कधी घोट घेतला नाही. "जहर हाय जहर," म्हणत. पण मी उठायच्या आत अंघोळ करून तयार असत, आणि बटण दाबण्याआधी मशीनच्या पत्र्यावर दोन थापा मारत. एसटीच्या पत्र्यावर आयुष्यभर मारल्या तशा. मी बाल्कनीत कप घेऊन बसले की पेपरातल्या कुठल्याही बातमीवरून आमचं भांडण सुरू. उमरेडचं नाव मात्र बंद झालं होतं. त्या मशीनला हळदीकुंकू वाहावं इतकी मी खूश होते.

आणि आता ते नुसतं घरघरत होतं. थेंब नाही. बाबांनी थापा मारल्या, पुन्हा मारल्या, मग हात पुसून खुर्चीत बसले. दोन दिवस तसेच बसले. शुक्रवारी संध्याकाळी म्हणाले, "सोमवारी सकाळी उमरेडची गाडी कितीक वाजता राहते वं आता?"

एसटीचं टाइमटेबल ज्याला झोपेतही पाठ, तो माणूस मला गाडीची वेळ विचारत होता. म्हणजे विचारत नव्हताच, कळवत होता. तिथल्या शेजाऱ्याला फोनही करून झाला होता.

मी कामाला लागले. कंपनीला फोन लावला तर तिकडून एका गोड आवाजानं विचारलं, "मॅडम, प्लग लगा है ना?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मशीन पुण्याला पाठवा, पंधरा-वीस दिवस लागतील, असं त्या आवाजाचं म्हणणं होतं. माझ्याजवळ सोमवारपर्यंत वेळ होता.

मला पहिला संशय क्षारांचा. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी, कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात पांढऱ्याफटक होतात. फिल्टर असला तरी मशीनच्या नळ्या त्याच पाण्यानं तुंबल्या असणार. लिंबूसत्त आणलं, पाण्यात विरघळवलं, टाकीत ओतलं, बटण दाबलं. घरघर. लिंबूसत्ताला आतले क्षार काढायचे तर आधी पाणी आत ओढलं गेलं पाहिजे, हे मला त्यानंतर सुचलं. बाजूची वाफेची नळी उघडून पाहिली. तिथूनही काही नाही. पाणी ना वर पोचत होतं ना बाजूला. म्हणजे भानगड पंपात, असा निकाल मी लावला आणि रविवारी सकाळी प्लग काढून मशीन जेवणाच्या टेबलावर आडवं पाडलं.

बाबा समोर बसले. स्क्रू निघेल तसा वाटीत टाकत होते. मागचा पत्रा निघाला, वरचं झाकण निघालं, पंपाची नळी उपटली. पंप ठणठणीत दिसत होता, नळ्याही साफ होत्या. मी घामाघूम, कूलर चालू असूनही. शिव्या तोंडातल्या तोंडात. आता काय करावं म्हणून मशीन उलटं केलं, तेव्हा टाकी बसते त्या खाचेत एक इवलीशी जाळी दिसली. पाणी टाकीतून आत शिरतं ते तिच्यातूनच. सगळ्यात आधी जिथं पाहायचं तिथं मी सगळ्यात शेवटी पाहिलं होतं. जाळीवर काहीतरी तपकिरी साचलं होतं, मोरीत केस साचतात तसं. चिमट्यानं ओढलं. लांब लांब तंतू आले. नाकाशी नेले तर थंड, मातकट, ओळखीचा वास.

वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तो. या वर्षी जुडीचं फडकं सुटलं होतं आणि आमच्या प्रत्येक पेल्यात मुळं तरंगत होती.

"बाबा, तुमी कोणतं पाणी टाकत होते जी यात?"

"माठातलं. काहून?"

"फिल्टरचं टाका म्हणून सांगतलं होतं ना मी?"

"सांगतलं होतं. पण किती तापते ते मशीन, हात नाही लावता येत त्याले. उन्हाळ्यात गाडी तापली की आमचा ड्रायव्हर थंडं पाणी टाके रेडिएटरमंदी, तवा कुठं गाडी पुढं चाले. म्हटलं यालेबी थंडं टाकावं. अन् वाळ्याचं पाणी तुह्या पोटात गेलं त ऊन लागत नाही."

मला इतकं हसू आलं की चिमटा खाली ठेवावा लागला. मशीननं उकळून काढलेलं वाळ्याचं पाणी मी महिनाभर उन्हाळी औषध म्हणून पीत होते आणि ऑफिसात सांगत होते की माझ्या कॉफीला जंगलाचा वास येतो. पण बाबा हसले नाहीत. हातातली स्क्रूची वाटी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

"म्हणजे मीच बिघडवलं," ते म्हणाले. "एक काम होतं हातात, तेबी धड नाही जमलं. उद्याची गाडी पकडतो मी."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "काम, काम! मी काय तुमाले कॉफी करायले आणलं का इथं? कॉफी मले करता येते. सकाळी उठल्यावर भांडाले माणूस पायजे मले, बाबा. तुमी गेले त मी कोणाशी भांडू? भिंतीशी? मले करमत नाही जी तुमच्याबिगर. इतकं साधं कळत नाही तुमाले?"

एवढं सरळ मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते खाली पाहून स्क्रू निवडत बसले, लांब वेगळे, आखूड वेगळे.

मशीन पुन्हा जोडलं. एक स्क्रू उरलाच, तो कुठला ते आजही माहीत नाही. टाकीत फिल्टरचं पाणी भरलं. नळ्यांत हवा शिरली होती, म्हणून वाफेची नळी उघडी ठेवून पंप चालवला. आधी नुसता फुसफुसाट, मग शिंतोडे, मग सरळ धार. मी चाळणी अडकवली आणि कप भरला. बाबा तोवर उठून फोन घेऊन बाल्कनीत गेले होते. बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तो आवाज, घरात काय लपणार.

"नाही गा, उद्या नाही येत मी," ते शेजाऱ्याला सांगत होते. "पुढच्या सोमवारीबी नाही. माही सायकल घेऊन जाय तू, उभ्या उभ्या गंजून राहिली." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी एकदा आत माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि आपल्या परीनं आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी जाऊच देत नाही गा."