दक्षिणेकडे पाय

मी पाचवीपर्यंत शिकलो, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली, तेवढीच. जन्म बस डेपोत टायर काढण्या-घालण्यात गेला. लिहिताना चुका होतील, होऊ देत. बायकोला जाऊन वर्ष झालं. तिच्या खाटेची गोष्ट लिहून ठेवायची आहे.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तिला झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं अर्धं राहिलं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नवा एसटीडी बूथ उघडला होता. तिथून मुलाला बंगळूरला फोन केला. तो आला, चार दिवस राहिला, गेला. इस्पितळात वीस दिवस ठेवून डॉक्टर म्हणाला, "आता घरी न्या. काळजी घ्या." काळजी म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. मी साधा टायर बदलला तरी ड्रायव्हरला सांगायचो, थोडं अंतर गेलास की नट पुन्हा आवळून बघ. इथं अख्खं माणूस हातात दिलं आणि पाठ फिरवली.

आमची खोली अरुंद. खाट एकाच भिंतीला लागते. दुसऱ्या भिंतीत दार आणि खिडकी. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, अशी आम्ही खाट लावली. दक्षिणेकडे पाय मेलेल्या माणसाचे करतात, जित्याचे नाही. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्यानं झालं काय, तिचा चांगला उजवा हात भिंतीला गेला आणि मेलेला डावा हात मोकळ्या बाजूला आला. तिकडेच स्टूल, तिकडेच पाण्याचा टंबलर. आठ महिने माझ्या ध्यानात आलं नाही. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

एकदा रेशनच्या रांगेत माझी दुपार गेली. परत आलो तर तिचे ओठ सुकलेले. टंबलर वीतभर अंतरावर, भरलेला.

"हाक मारायची शेजारी," मी ओरडलो.

"मारली," ती म्हणाली. तिची हाक दारापर्यंत पोचत नव्हती.

त्या सुमारास एका धर्मादाय संस्थेनं घरी येऊन रोगी बघायची सोय सुरू केली. गावाला ते नवीनच होतं. दर गुरुवारी एक नर्स टाउन बसनं यायची, काखेत छत्री, हातात पिशवी. मला 'तात्ता' म्हणायची, म्हणजे आजोबा. मी साठीचा, मला राग यायचा. तिनं पहिल्या दिवशी बायकोची पाठ बघितली आणि तमिळमध्ये मला झापलं.

"तात्ता, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. एकाच जागी भार पडला की कातडी जाते."

"टायरसारखं," मी म्हणालो. "जागा बदलली नाही तर एका बाजूनं झिजतो."

"मग एवढं कळतं तर खाट अशी का लावली? उजवा हात भिंतीला बांधून ठेवलाय तुम्ही. खाट फिरवा."

मी सांगितलं, फिरवली तर पाय दक्षिणेला जातात. माझी मोठी बहीण, आक्का, दोन घरं सोडून राहते. ती तिथंच बसली होती. ती कडाडली, "जित्या बाईला मेल्यासारखी निजवायला सांगतेस? तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव."

पुढच्या गुरुवारी नर्स परत तेच म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मी दर वेळी नाही म्हणालो. खरं कारण आक्का नव्हती. मलाच भीती होती, की खाट फिरवली आणि ती गेली तर?

शेवटी बायकोच बोलली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "अहो. यम काय... होकायंत्र घेऊन येतो? फिरवा."

मी आणि नर्सनं मिळून फिरवली. आक्का उठून निघून गेली. बायकोनं हात लांब केला, टंबलर उचलला, निम्मं पाणी अंगावर सांडलं, निम्मं प्याली. मग रिकामा टंबलर स्टुलावर ठण् आपटला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. हातपंखा हातात आला, तर वारा घेण्यापेक्षा मला मारायलाच जास्त वापरला. आमटीत चिंच कमी पडली की पंखा. दाढी वाढली की पंखा. माझ्या हातचं खाऊन ती जगली हेच नवल.

नर्स मात्र दीड वर्षानं बंद झाली. संस्थेची माणसं कमी पडली म्हणे. मग शहरातून घरी राहून रोग्याचं करणाऱ्या बायका मिळायला लागल्या, फोन केला की येतात. एक आली, बायकोचे केस उशीवरच वरवर विंचरून गेली, परत फिरकली नाही. दुसरी चांगली होती, बायकोशी खूप बोलायची, पण तिला बाळंतपणाचं काम लागलं. सोयी वाढल्या हे खोटं नाही. दुकानात आता चाकांची खुर्चीसुद्धा मिळते. टिकणारं माणूस मिळत नाही.

ती गेली तेव्हा खाली घेताना वडीलधारे म्हणाले, पाय दक्षिणेला करा. ते तसेच होते. आक्का माझ्याकडे बघत होती.

गेल्या महिन्यात आक्का न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिचा मुलगा आणि मी तिला घरी आणून तिच्या खोलीत खाट लावायला लागलो. भिंत बघितली, दार बघितलं, मी थांबलो. आक्का डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "उजवा हात मोकळा राहू दे रे."

"पाय दक्षिणेला जातील, आक्का."

"जाऊ देत. वरून चादर घाल. यमाला दिसायला नकोत."

खाट लावली. चादर घातली. स्टूल तिच्या उजव्या हाताशी ओढलं आणि बायकोचा हातपंखा घरून आणून त्यावर ठेवला.