पुढे मामाची गाडी

आता काय सांगू तुम्हाला, पुण्यात भर दिवसा मी अकलेचे दिवे कसे पाजळले ते. हसायचं असेल तर आधी कपातला चहा संपवा. सांडला तर मी जबाबदार नाही.

माझी जीप घोडेगाव ते भीमाशंकर चालायची. पावसाळ्यात त्या रस्त्याला असं धुकं, की स्वतःचं बोनेट दिसत नाही. तिथं आम्हा जीपवाल्यांचा एकच नियम. एसटी दिसली की तिच्या मागं लागायचं. एसटीच्या ड्रायव्हरला वळण न् वळण पाठ. तिचा मागचा लाल दिवा धरला की माणूस घरी पोचतो. बोर्डबिर्ड बघायची सवयच नाही, धुक्यात बोर्ड दिसतो कुणाला?

तर माझ्या भाचीचं, शोभाचं, लग्न कात्रजला ठरलं. माझ्या धाकट्या बहिणीचे, कमलचे, मालक गेल्यापासून तिच्या घरचं पुढारपण माझ्याकडं. शिवाय नवरीला बोहल्यावर न्यायचं ते मामानंच. सकाळी शिनोलीहून तीन जीपा निघाल्या. पहिलीत मी, कमल आणि मुंडावळ्या बांधलेली शोभा. मागं कमलचा पुतण्या बबन, त्याच्यामागं शेजारचा दत्तू. मुहूर्त साडेबाराचा. मुहूर्त चुकलेला चालणार नाही, असं मुलाच्या वडिलांनी सुपारी फुटतानाच बजावलं होतं. उशीर झाला तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, ही एकच धास्ती कमलनं घेतली होती.

निघताना मी बबनला आणि दत्तूला दम दिला. "पुण्यात लई फाटं हायेत. माझ्या मागच्या नंबरप्लेटवरची नजर काढायची न्हाई. इकडं-तिकडं बघितलं की चुकलात."

शिवाजीनगरपर्यंत एसटीच्या मागं राहून निवांत आलो. तिथं एसटी स्टँडात शिरली आणि मी उघडा पडलो. तेवढ्यात पुढं एक लाल सिटी बस दिसली, पाटी कात्रजची. देवच पावला म्हटलं आणि लागलो तिच्या मागं.

स्वारगेट सोडल्यावर बस रस्त्याच्या मधोमध एका मोकळ्या पट्ट्यात शिरली. शेजारी गाड्यांची ही दाटी आणि आमचा रस्ता सारवलेल्या अंगणासारखा. "बघ कमल," मी म्हणालो, "मोकळा रस्ता सोडून गर्दीत मरत्यात. पुणेकरांना गाडीच येत न्हाई राव."

पुण्यात बससाठी वेगळा रस्ता तेव्हा नुकताच केला होता, हे तुम्हाला ठाऊक असेल. आम्हाला कुणी सांगितलं?

दोन्ही बाजूंना कठडे. स्टॉपवर बस थांबली, तिच्यामागं आमच्या तिन्ही जीपा ओळीनं थांबल्या. एक आजी माझ्या खिडकीशी आल्या. "धनकवडीला जाते का?"

सवयच ती. मी म्हणालो, "जाती की. बसा. पोरी, जरा सरक."

आजी नवरीशेजारी बसल्या, मुंडावळ्यांकडं बघत राहिल्या, पण जागा मिळाल्यामुळं काही बोलल्या नाहीत.

पुढच्या चौकात बस गेली आणि पोलिसानं आम्हाला हात केला.

"फक्त बससाठी. बोर्ड दिसला नाही?"

"साहेब, बोर्ड हाय कुठं?"

त्यानं मागं बोट दाखवलं. बोर्ड होता. पट्टा सुरू होतो तिथं, अगदी तोंडाशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याम्होरं अख्खी बस. तिच्या आरपार बघू का? आन् आत शिरल्यावर दिसला तरी उपेग काय, कठडं मोडू? आमच्या घाटात वळणाचा बोर्ड वळणाच्या आधी असतोय. वळणावरच लावला, तर तो दरीत पडल्यावर वाचायचा का?"

पोलीस जरा विचारात पडला. आजही मला वाटतं, माझं म्हणणं खोटं नव्हतं. रोजच्या माणसाला बोर्ड लागतच नाही, बोर्ड असतो परक्यासाठी. मग त्याला थांबता येईल, वळता येईल, एवढा आधी तो लावायला नको? दंड घ्यायला पट्ट्याच्या शेवटी माणूस उभा करता येतो, तर तोच सुरुवातीला उभा केला तर कुणाचं काय जातं? एवढं सगळं मी तिथं बोललो. बसायला स्टूल दिलं असतं तर आणखी बोललो असतो.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "तुमच्यापुढं बस होती. या दोघांपुढं काय होतं?"

बबन खाली उतरला. "सायेब, आमच्या म्होरं मामाची गाडी व्हती. आन् मामांनीच सांगितलेलं, नंबरप्लेट सोडून कुठं बघायचं न्हाई."

पोलिसानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. बसनं मला जसं झाकलं, तसंच मी त्या दोघांना झाकलं होतं, आणि वर दम देऊन.

कमल गाडीतूनच हळू म्हणाली, "दादा, तुजं खरं आसंल. पण बारा वाजून गेलं." तिचे डोळे भरले होते.

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. वाद सोडला आणि तिन्ही गाड्यांचा दंड निमूट भरला. गाडीतली नवरी बघून पोलिसानं स्वतः चौकातली रहदारी थांबवली आणि आम्हाला वाट करून दिली. धनकवडी आली तरी आजी उतरेनात. म्हणाल्या, आता अक्षता टाकूनच जाते.

पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट घेऊन उभे. शोभाला हाताला धरून मी जवळजवळ पळतच बोहल्यावर नेलं. मुहूर्ताला दोन मिनिटं होती. कमलनं डोळे पुसून माझ्याकडं पाहिलं, तेव्हा कुठं माझ्या जीवात जीव आला.

परतताना लोक माझ्या जीपकडं बघून हसत होते. लग्नाची गाडी म्हणून हसत असतील, असं समजून मीही हात हलवत होतो. मंचरला कांद्याच्या ट्रकवाल्यांनी तर हॉर्न वाजवून रामराम केला. बबन आणि दत्तू मात्र केव्हाच मला मागं टाकून गेले होते.

शिनोलीला उतरून जीपच्या मागच्या बाजूला गेलो, तर बबननं चुन्यानं हातभर अक्षरात लिहिलेलं:

'सूचना: पुढची गाडी चुकलेली आहे. मागे येऊ नये.'

मी पोलिसाला सांगितला होता, अगदी तसाच बोर्ड होता. ठळक, लांबून दिसणारा, माणूस चुकायच्या आधी त्याला सावध करणारा. पुण्यापासून शिनोलीपर्यंत सगळ्यांनी वाचला. मला तेवढा दिसला नाही, मी पुढं होतो ना.