भरदुपारी काळा पडदा

विल्फ्रिदो बेनेगास सत्तेचाळीस वर्षांचा होता, पण चालायचा साठीच्या माणसासारखा. आसुन्सिओन शहरातल्या आठ जणांच्या एका कंपनीत तो बसचं ॲप सांभाळायचा. बस कुठे पोचली, आपल्या थांब्यावर किती मिनिटांत येईल, ते सांगणारं. सहा वर्षांपूर्वी ते त्यानेच एकट्याने लिहिलं होतं. कसं चाललंय विचारलं की म्हणायचा, "ढकलतोय." आणि खरंच ढकलतच होता बिचारा.

त्यात मालकीणबाईंना, फातिमा आयालाला, डार्क मोडचं खूळ लागलं. वय चौतीस, उत्साह दांडगा. "काका, एक बटण तर द्यायचंय! पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. तीन आठवडे खूप झाले."

एक बटण म्हणे! बटण बसवायला अर्धा दिवस पुरतो हो. पण त्या वेळी घाईत विल्फ्रिदोने पांढरा रंग लागेल तिथे हातानेच लिहून टाकला होता, एकूण चारशे तेरा ठिकाणी. आता प्रत्येक ठिकाणचा रंग काढून तिथे नाव घालायचं: इथे 'पार्श्वभूमी', इथे 'अक्षर', इथे 'इशारा'. मग त्या नावांच्या दोन याद्या, एक उजेडाची, एक अंधाराची. बटण दाबलं की यादी बदलणार. एक जागा सुटली की काळ्यावर काळी अक्षरं. शिव्या घालाव्यात तर कोणाला, लिहिणारा स्वतःच! तीन आठवड्यांत त्याच्या डोळ्यांची पार आग झाली.

काम झालं आणि दिसायलाही देखणं झालं. उकाड्यामुळे ऑफिसचे पडदे कायम ओढलेले, एसी चालू. त्या अर्ध्या अंधारात फोनचा काळा पडदा सगळ्यांना आवडला.

सकाळी दहाला तेरेरेची फेरी बसली. शिंगाचा एक पेला, एकच नळी, बर्फाचं पाणी आणि कडू पाला. नेस्तोर नावाचा तरुण एकेकाला तोच पेला भरून द्यायचा. फातिमा म्हणाली, "ॲप उघडताच काळंच दिसलं पाहिजे. सगळ्यांना. ज्याला पांढरं हवं असेल तो सेटिंगमध्ये जाऊन बदलेल."

"बाई, लोक हे ॲप थांब्यावर बघतात," विल्फ्रिदो म्हणाला. "उन्हात काळ्यावर काही दिसत नाही. फोनचं जे सेटिंग असेल तसंच राहू दे."

"तुम्हाला नवीन काही पटतच नाही, काका."

"काकांचं ऐकलं तर ते बसला घोडे जुंपतील," नेस्तोर म्हणाला. सगळे हसले. पेला विल्फ्रिदोकडे आला. त्याने पिऊन परत दिला आणि म्हणाला, "आभार."

पोट भरल्याशिवाय फेरीत कोणी आभार मानत नाही. जो मानतो तो उठला. मग पेला त्याच्याकडे येत नाही आणि त्याला कोणी काही विचारतही नाही. विल्फ्रिदोला हे पक्कं ठाऊक होतं. पण वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं हो. सोमवारी ॲप सगळ्यांच्या फोनवर काळं झालं.

मंगळवारी त्याच्या वडिलांचं, कासियानोंचं, दोन वाजता डायलिसिस होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण एकटाच जाणार म्हणजे जाणार. येणाऱ्या बसचा नंबर त्यांना दिसत नसे, आणि हात केल्याशिवाय ड्रायव्हर थांबत नाही. म्हणून फोन नाकाशी धरून ॲपची मोठी अक्षरं वाचायची आणि 'आली' दिसलं की हात वर करायचा. थांब्यावर ज्याला त्याला सांगायचे, "माझ्या पोरानं केलंय."

साडेतीनला दवाखान्यातून विल्फ्रिदोला फोन आला. वडील पोचलेच नव्हते.

धावतपळत गेला तर म्हातारा थांब्यावरच्या बाकावर बसलेला. टोपी मांडीवर, चेहरा लालबुंद, केस मात्र व्यवस्थित विंचरलेले.

"फोन मेला रे," ते म्हणाले. "दोन बसना हात केला, दोन्ही भलत्याच. एकानं तर माझी आई काढली."

"कोणाला विचारायचं नाही का, बाबा?"

"या वेळेला रस्त्यावर असतं कोण? कुत्रीसुद्धा झोपलीत. आणि फोनमध्ये बघतो तर नुसतं माझंच थोबाड. म्हटलं, दिसतंयच तर केस तरी विंचरून घेऊ."

दवाखान्यात कसंबसं शेवटच्या पाळीत घेतलं. नर्स म्हणाली, "ते ॲपच बिघडलं असेल, आजोबा."

"छे! ॲप माझ्या पोराचं आहे. फोनच भिकार."

विल्फ्रिदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुई टोचून झाल्यावर त्याने वडिलांचा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन पडदा पांढरा केला आणि समोर धरला. "बाबा, फोन चांगला आहे. काळं मीच केलं होतं."

"का रे?"

"दमलो होतो. नको म्हणायचा कंटाळा आला."

कासियानोंनी डोळे मिटले. "मग हात करायचास की. हात केल्याशिवाय थांबतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी दहाला विल्फ्रिदो फेरीत येऊन बसला. पेला आला, प्यायला. "उघडताच काळं नको, बाई."

"झालंय ना ठरवून, काका?"

पेला पुन्हा आला, पुन्हा प्यायला, पुन्हा तेच म्हणाला. जोवर तो आभार मानत नव्हता तोवर नेस्तोरला भरून द्यावंच लागत होतं. बर्फ संपला, नेस्तोरने आणखी आणला. सातव्या पेल्याला विल्फ्रिदोने म्हाताऱ्याची आणि कंगव्याची गोष्ट सांगितली. या वेळी कोणी हसलं नाही.

फातिमा फोन घेऊन उठली, पडदा सारून अंगणात गेली. उन्हात बराच वेळ फोनकडे बघत उभी राहिली. आत आली तेव्हा कपाळावरची बट कानामागे सारत होती.

"बदला, काका," ती म्हणाली. "आजच."

नेस्तोरने आठवा पेला पुढे केला. विल्फ्रिदोच्या पोटात बर्फाचं पाणी नुसतं डुचमळत होतं. त्याने तोही संपवला, परत दिला, "आभार" म्हणाला आणि कामाला लागला.